बल्गेरियाचे विरजण

पॅरिस शहरात ८ जून १९०४ रोजी एक जाहीर व्याख्यान झाले. विषय होता वार्धक्य, आणि वक्ता होता पाश्चर संस्थेतील रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ. साठीला टेकलेला, अस्ताव्यस्त दाढीकेसांचा हा गृहस्थ श्रोत्यांना सांगत होता, की म्हातारपण हा निसर्गाचा अटळ नियम आहे अशी जी समजूत रूढ आहे ती खरी नव्हे. आज आपण ज्याला म्हातारपण म्हणतो ती एक विकृती आहे, आणि इतर विकृतींप्रमाणे तिचेही कारण शोधता येईल व कदाचित उपायही करता येईल. ते कारण माणसाच्या मोठ्या आतड्यात, तेथे वस्तीला असलेल्या कुजवणाऱ्या जंतूंत दडलेले असावे, असा त्याचा तर्क होता. बोलण्याच्या ओघात त्याने बल्गेरियातील शेतकऱ्यांचा उल्लेख केला. ती माणसे दीर्घायुषी असल्याची ख्याती आहे आणि त्यांच्या आहारात आंबट दही मुबलक असते, असे तो म्हणाला. एवढे पुरे झाले. वृत्तपत्रांनी वार्धक्याची मीमांसा बाजूला ठेवली आणि दही तेवढे उचलले. तारुण्य टिकवण्याचे औषध सापडले, अशी वार्ता पाहता पाहता युरोपभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचली.

ज्या देशात रोज रात्री घरोघर विरजण लागते त्या देशातील माणसाला या गडबडीचे थोडे हसूच येईल. महाराष्ट्रातले कवडीदार दही, बंगालमधले मिष्टी दोई, दक्षिणेतला दहीभात, पंजाबातली लस्सी यांपैकी कशाचाही शोध लावण्यासाठी कोणाला प्रयोगशाळा उघडावी लागली नाही. चरकसंहितेत अर्श आणि ग्रहणी यांच्या चिकित्सेत ताकाला मोठे मानाचे स्थान दिलेले आहे. मात्र तीच संहिता दह्याविषयी बरीच सावध आहे, आणि ते रात्री खाऊ नये, रोज उठून खाऊ नये, असे बजावते. पॅरिसच्या लोकांपाशी असा काही पूर्वानुभव नव्हता. त्यांनी दही नव्या औषधाच्या उत्साहाने घेतले. तथापि त्या व्याख्यानातून जो विचार निघाला तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज औषधांच्या दुकानात ‘प्रोबायोटिक’ या नावाने ज्या पुड्या आणि कुप्या विकल्या जातात त्यांची वंशावळ त्या व्याख्यानापर्यंत जाऊन पोहोचते. ती वंशावळ सरळ नाही. तिच्यात बरीच चूक आहे, थोडे खरे आहे, आणि खऱ्या भागाचा धनी पुष्कळदा दुसराच कोणी आहे.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ मध्ये खार्कोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. वृत्तीने तो अत्यंत उत्कट, आणि तरुणपणी तितकाच निराश होता. त्याची पहिली पत्नी ल्युडमिला लग्नाच्या वेळीच क्षयाने इतकी अशक्त झाली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. त्यानंतर मेचनिकॉफने अफूचा अर्क मोठ्या प्रमाणात घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला, पण मात्राच इतकी झाली की ओकारी होऊन तो वाचला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून कशीबशी उठली, त्यानंतर त्याने पुनरावर्ती ज्वराचे रक्त स्वतःला टोचून घेतले. याही वेळी तो वाचला. आयुष्याच्या उत्तरार्धात ज्याने आशावादावर ग्रंथ लिहिला आणि मृत्यू लांबवण्याचा ध्यास घेतला, त्याने पूर्वार्धात दोनदा मृत्यूला हाक मारली होती. त्याच्या दह्यावरच्या श्रद्धेचे मूळ शोधताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

त्याची खरी कीर्ती दह्यामुळे झालेली नाही. १८८२ च्या अखेरीस सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचे बारीक काटे टोचले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परक्या पदार्थावर चालून जाणाऱ्या आणि त्याला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिक याच्याबरोबर विभागून मिळाले. ओडेसा येथे तो प्राध्यापक असताना वाल्डेमार हाफकिन हा ज्यू तरुण त्याचा विद्यार्थी होता. झारच्या पोलिसांनी अनेकदा पकडलेला हा विद्यार्थी पुढे गुरूच्या मागोमाग पॅरिसला गेला आणि पाश्चर संस्थेत ग्रंथपालाच्या मदतनीसाचे काम करीत करीत पटकीच्या लसीवर प्रयोग करू लागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्याच्या नावाने उभी आहे. मेचनिकॉफच्या घराण्याची एक शाखा अशी मुंबईत रुजली. तिचा दह्याशी संबंध नाही, पण पटकीशी आहे, आणि दह्याच्या कथेतही पटकी आहेच.

१८९२ साली म्युनिकमध्ये माक्स फोन पेटनकोफर या वृद्ध प्राध्यापकाने पटकीच्या जंतूंनी भरलेले पेय जाहीरपणे पिऊन दाखवले. जंतू हे पटकीचे एकमेव कारण नव्हे हे त्याला सिद्ध करायचे होते. त्याला किरकोळ जुलाबापलीकडे काही झाले नाही. त्याच सुमारास पॅरिसमध्ये मेचनिकॉफनेही तोच प्रयोग स्वतःवर केला, आणि त्यालाही काही झाले नाही. मग एका स्वयंसेवकाने ते जंतू प्राशन केले, तोही सुखरूप राहिला. पण पुढच्या स्वयंसेवकाला खरीखुरी पटकी झाली आणि तो मरता मरता वाचला. मेचनिकॉफ हादरला. असे प्रयोग माणसांवर करावेत की नाहीत हा प्रश्न त्या काळी आजच्याइतका काटेकोरपणे विचारला जात नसे. त्यामुळे त्याला कोणी जाब विचारला नाही. त्याने मात्र स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि तोच या सगळ्या इतिहासाचा गाभा होय. जंतू एकच, पेला एकच. मग एकाला काही होत नाही आणि दुसरा मरणाच्या दारी जातो, हे का? त्याचे उत्तर असे, की आतडे हे रिकामे भांडे नाही. तेथे आधीपासून वस्ती आहे. त्या वस्तीतील काही जंतू पटकीच्या जंतूला हात देतात आणि काही त्याची वाट अडवतात. काचेच्या बशीत निरनिराळे जंतू शेजारी शेजारी वाढवून त्याने हे दाखवूनही दिले. आतड्यातील वस्तीचे स्वरूप माणसाच्या आरोग्याचा निकाल ठरवू शकते, ही कल्पना तेव्हा पूर्णपणे नवी होती, आणि ती खरी ठरली आहे.

येथेच तो थांबला असता तर बरे झाले असते असे वाटते. पण त्याला म्हातारपणाचे कोडे सोडवायचे होते. माणसाचे मोठे आतडे हे उत्क्रांतीच्या प्रवासात उरलेले निरुपयोगी ओझे आहे, तेथे अन्नाचा चोथा कुजतो, त्या कुजण्यातून फिनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये तयार होऊन रक्तात मिसळतात, आणि ती रक्तवाहिन्यांना व मेंदूला हळूहळू जर्जर करतात, असा सिद्धान्त त्याने मांडला. आतड्यातील विषाने माणूस स्वतःलाच विष घालतो, हे मत त्या काळी अनेक नामांकित वैद्यांचे होते. लंडनचा शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागला, आणि त्या शस्त्रक्रियेपायी कित्येक रोगी दगावले. एक अपुरा सिद्धान्त हुशार हातांत पडला म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहिलेले आहे.

मेचनिकॉफचा उपाय त्या मानाने सौम्य होता. दूध नुसते ठेवले तर आंबते, पण मांसासारखे कुजत नाही. कारण दुग्धाम्ल तयार करणारे जंतू कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. मग हेच जंतू आतड्यात नेऊन सोडले तर? तर्क साधा होता, आणि साध्या तर्काला असते ती मोहिनी त्याला होती. प्रश्न एवढाच उरला, की जंतू कोणते?

त्याचे उत्तर जिनीव्हाहून आले. तेथील विद्यापीठात स्टामेन ग्रिगोरोव्ह हा बल्गेरियन तरुण वैद्यक शिकत होता. १८७८ मध्ये स्टुडेन इझ्व्होर या डोंगराळ खेड्यात जन्मलेला हा विद्यार्थी गावाकडून परतताना घरच्या दह्याचे मातीचे भांडे बरोबर घेऊन आला, असे सांगतात. प्राध्यापक लेऑन मासोल यांच्या प्रयोगशाळेत त्याने ते दही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि चिकाटीने त्यातले जंतू वेगळे केले. १९०५ मध्ये त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात मण्यांच्या माळेसारखे गोल जंतू होते, आणि एक लांबट दांड्यासारखा जंतू होता. पुढे त्या दांड्याला ‘बल्गेरियन बॅसिलस’ हे नाव पडले. या दोघांचे सहजीवन मोठे पाहण्यासारखे आहे. दांडा दुधातील प्रथिनांचे तुकडे पाडतो, ते गोल जंतूला उपयोगी पडतात. गोल जंतू फॉर्मिक अम्ल तयार करतो, त्यावर दांडा पोसतो. दोघे मिळून दुधातील साखरेचे दुग्धाम्ल करतात, दुधाची आम्लता वाढते, आणि केसीन हे प्रथिन गोठून दही लागते. या जोडीला चांगली ऊब हवी असते, चाळीस अंशांच्या वरची. आपल्याकडे कोमट दुधात विरजण घालून भांडे ओट्यावर झाकून ठेवतात. त्या दह्यात बहुधा थंड स्वभावाचे दुसरेच जंतू अधिक असतात, आणि दोन घरांचे विरजणही अगदी सारखे नसते. ग्रिगोरोव्हला मेचनिकॉफने पॅरिसला बोलावून त्याचे काम ऐकून घेतले. पुढे हा तरुण मायदेशी गेला आणि ट्रुन गावच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करू लागला. जगाने जंतूला त्याच्या देशाचे नाव दिले. त्याचे स्वतःचे नाव मात्र बल्गेरियाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

इकडे पॅरिसमध्ये दह्याचा बाजार भरला होता. औषधविक्रेते बल्गेरियन जंतूंच्या वड्या, चूर्णे आणि अर्क विकू लागले. एका कंपनीने तर प्राध्यापक मेचनिकॉफ यांचे अधिकृत पुरवठादार म्हणून जाहिराती दिल्या. त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोपही झाला, परंतु त्याने या व्यापारातून कमाई केली नाही. १९०५ मध्ये त्याने एक पुस्तिका काढून खुलासा केला, की आंबट दुधाने आयुष्य वाढते असे आपण सिद्ध केलेले नाही. कुजवणाऱ्या जंतूंना आवर घालण्याचा तो एक संभाव्य मार्ग आहे एवढेच आपले म्हणणे आहे. पण त्याच पुस्तिकेत आंबट दूध घरी कसे तयार करावे याची कृतीही होती. लोकांनी कृती वाचली आणि खुलासा सोडून दिला. अमेरिकेत डॉक्टर केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामात रोग्यांना दही तोंडावाटे तर दिलेच, शिवाय बस्तीवाटेही दिले! बल्गेरियातील शतायुषी माणसांची गणती किती भरवशाची होती, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. जेथे जन्माची नोंद नाही तेथे वय हे आठवणीवर आणि गावातील प्रतिष्ठेवर अवलंबून असते. आपल्याकडेही आजोबांचे वय मोजताना कुठल्यातरी दुष्काळाचा आधार घ्यावा लागत असे.

मेचनिकॉफ स्वतः अखेरपर्यंत नेमाने आंबट दूध घेत राहिला आणि कच्चे अन्न त्याने वर्ज्य केले होते. पहिले महायुद्ध सुरू झाले, पाश्चर संस्थेतील तरुण सैन्यात गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. जुलै १९१६ मध्ये हृदयविकाराने तो गेला. वय होते ७१. ज्याने माणसाने शंभरी सहज ओलांडावी असे सांगितले त्याचा सत्तरीतच अंत झाला, यावर वृत्तपत्रांनी टीका करावी हे ओघानेच आले. त्याचे स्वतःचे म्हणणे असे होते, की आपल्या घराण्यात हृदयविकार आहे आणि त्या मानाने आपण पुष्कळ जगलो. शिवाय हा आहार आपण फार उशिरा सुरू केला. मरण्यापूर्वी त्याने एका सहकाऱ्याला आपल्या शवाची तपासणी करताना आतडी नीट पाहायला सांगितले. त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.

त्याचा सिद्धान्त त्याच्यामागे फार दिवस टिकला नाही. १९२१ मध्ये येल विद्यापीठातील रेटगर आणि चेप्लिन यांनी दाखवून दिले, की बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात वस्ती करूच शकत नाही. जठरातील अम्ल आणि पित्त यांतून जे थोडे निभावतात ते पाहुण्यासारखे येतात आणि निघून जातात. मोठे आतडे निरुपयोगी आहे हेही पुढे खोटे ठरले. तेथील जंतू माणसाला न पचणारे तंतू आंबवतात, त्यातून ब्यूटिरिक अम्लासारखी द्रव्ये निघतात, आणि त्यांवरच आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. ज्या अवयवाला त्याने उकिरडा म्हटले, ती एक प्रकारची मुदपाकखाना निघाली असे म्हणावे लागेल.

मात्र त्याच पाश्चर संस्थेत, दह्याच्या गलबल्यापासून दूर, दुसरा एक माणूस काम करीत होता. त्याचे नाव आंरी टिसिए. १९०० च्या आगेमागे अंगावर पिणाऱ्या बालकांच्या विष्ठेत त्याला दोन फांद्या फुटल्यासारखा दिसणारा एक जंतू विपुल प्रमाणात आढळला. ‘बिफिड’ हे नाव त्याच्या या दुभंग आकारावरून पडले. अंगावर पिणाऱ्या मुलांत हा जंतू भरपूर असतो आणि वरच्या दुधावरील मुलांत तसा नसतो, हे त्याने पाहिले. अतिसार झालेल्या मुलांना हे जंतू देऊन पाहावे असे त्याने १९०६ मध्ये सुचवले. टिसिएच्या म्हणण्यात अमरत्वाची भाषा नव्हती, म्हणून त्याला वृत्तपत्रांत जागा मिळाली नाही. त्याच्या निरीक्षणाचा उलगडा होण्यास अर्धे शतक जावे लागले. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. आईच्या शरीराने एवढे कष्ट घेऊन बाळाच्या उपयोगी न पडणारे अन्न तयार करावे, हे प्रथम कोणालाच कळेना. त्या शर्करा बाळासाठी नव्हत्याच, त्याच्या आतड्यातील जंतूंसाठी होत्या. बाळ एकटे जेवत नाही.

पहिल्या महायुद्धाने आणखी एक धागा दिला. फ्रायबुर्गचा डॉक्टर आल्फ्रेड निसले याला १९१७ मध्ये असा एक जर्मन शिपाई आढळला, की डोब्रुजाच्या आघाडीवर त्याच्याभोवतीचे सोबती आमांशाने पडत असताना त्याला काहीच झाले नव्हते. त्याच्या आतड्यातून निसलेने कोलाय जातीचा एक जंतू वेगळा केला. तो आजही औषध म्हणून दिला जातो. पटकीच्या पेल्याचा जुनाच प्रश्न येथे पुन्हा उभा राहिलेला दिसतो, आणि या वेळी त्याचे उत्तर प्रत्यक्ष हाती लागले होते. जपानमध्ये मिनोरु शिरोता याने १९३० मध्ये क्योतो येथे जठराम्लातून तगून जाणारा दुग्धाम्ल-जंतू निवडून वाढवला. गरीब मुले साथीच्या रोगांनी मरत होती आणि स्वस्त प्रतिबंधक उपाय त्याला हवा होता. १९३५ पासून त्याचे पेय ‘याकुल्ट’ या नावाने विकले जाऊ लागले. हे नाव एस्परांटो भाषेतील दह्याच्या शब्दावरून घेतलेले आहे. त्याआधी १९१९ मध्ये बार्सेलोना शहरात इसाक कारासो याने मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर म्हणून दही तयार केले आणि ते औषधांच्या दुकानांतून विकले. आपल्या मुलाच्या लाडक्या नावावरून त्याने त्याला ‘डॅनोन’ असे नाव दिले. एका अर्थाने मेचनिकॉफ हरला तो प्रयोगशाळेत; बाजारात तो कधीच हरला नाही.

मग पेनिसिलिनचे युग आले. जंतू म्हणजे शत्रू, आणि शत्रूचा निःपात म्हणजे आरोग्य, ही भावना सर्वत्र दृढ झाली. त्या औषधांनी वाचवलेल्या प्राणांची गणती करणे अशक्य आहे, आणि त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचे काही कारण नाही. पण १९७८ मध्ये असे दिसून आले, की या औषधांनी आतड्यातील मूळची वस्ती उजाड झाली म्हणजे ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ नावाचा एक जंतू तेथे माजतो आणि प्राणघातक अतिसार घडवून आणतो. रिकाम्या घरात चोर शिरावा तसा हा प्रकार होता. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द याच काळातला. जर्मन शास्त्रज्ञ व्हेर्नर कोलाथ याने १९५३ मध्ये तो वापरला, आणि १९६५ मध्ये लिली व स्टिलवेल यांनी एका सूक्ष्मजीवाच्या वाढीला पोषक ठरणारा दुसऱ्या सूक्ष्मजीवाचा स्राव अशा अर्थाने, ‘अँटिबायोटिक’च्या अगदी उलट म्हणून, तो योजला. त्याची व्याख्या पक्की झाली ती २००१ मध्ये. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले, की पुरेशा मात्रेत दिले असता ज्यांनी आरोग्याला लाभ होतो तेच जिवंत सूक्ष्मजीव या नावाला पात्र होत. म्हणजे जंतूची नेमकी जात हवी, तो जिवंत हवा, मात्रा ठाऊक हवी, आणि लाभ सिद्ध झालेला हवा. या कसोटीला घरचे दही उतरत नाही. त्यातील जंतू कोणते आणि किती हे कोणी मोजलेले नसते. ते उत्तम अन्न आहे, दूध न पचणाऱ्यांपैकी पुष्कळांना पचते. पण ते औषध आहे असे म्हणता येत नाही. आणि या कसोटीला बाजारातील पुष्कळ कुप्याही उतरत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या वेष्टनावर छापलेली नसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अशा पदार्थांसाठी मार्गदर्शक नियम ठरवले, तेही याच कारणाने.

कसोटी लावल्यावर जे दिसले ते व्यापाऱ्यांना फारसे रुचणारे नव्हते. २०१८ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे अतिसाराच्या १८०० हून अधिक मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. प्रोबायोटिक घेतलेली मुले आणि नुसती बिनऔषधी पूड घेतलेली मुले यांच्यात काही फरक आढळला नाही. त्याच वर्षी इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या एका लहान अभ्यासात असे दिसले, की प्रतिजैविकानंतर प्रोबायोटिक घेतल्यास आतड्यातील मूळची वस्ती परत बसायला उलट अधिक वेळ लागतो. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९८ रोग्यांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. जंतूंचे मिश्रण घेतलेल्यांपैकी १६ टक्के मरण पावले, न घेतलेल्यांपैकी ६ टक्के. ‘काही अपाय तर नाही ना’ असे म्हणून अशी पुडी सहज लिहून देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये बहुतेक विकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याचे नाकारले. प्रतिजैविकांबरोबर वर सांगितलेल्या डिफिसिलचा प्रतिबंध, आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील आतड्याचा एक घातक विकार, अशा मोजक्याच ठिकाणी तिने निवडक जंतूंना अनुकूलता दाखवली.

या हिशेबाची दुसरी बाजू भारतात लिहिली गेली आहे. कलकत्त्याच्या एका झोपडवस्तीत १ ते ५ वर्षांच्या ३७५८ मुलांना १२ आठवडे रोज एक पेय देण्यात आले. निम्म्यांच्या पेयात शिरोताने निवडलेला जंतू होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तो घेतलेल्या मुलांत अतिसाराचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होते. १४ टक्के हा आकडा लहान आहे. त्याच बंगालात, बनगाव येथे, १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांच्या जोरावर पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले होते. त्या साध्या द्रावणाच्या तोडीचे काही कोणत्याही जंतूने अजून करून दाखवलेले नाही.

पण ओडिशातील १४९ खेड्यांत जे घडले त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. डॉक्टर पिनाकी पाणिग्रही आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे ४५५६ नवजात बालकांवर चाचणी केली. ही बालके अपुऱ्या दिवसांची किंवा फार लहान नव्हती. खेड्यात रोज जन्मणारी, आईच्या अंगावर पिणारी साधी बालके होती. जन्मानंतर दोन ते चार दिवसांच्या आत सुरुवात करून सात दिवस त्यांना ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ या जंतूची एक विशिष्ट जात, आणि त्या जंतूला लागणारी शर्करा, यांची पूड देण्यात आली. निम्म्यांना नुसतीच पूड मिळाली. आपण कोणती पूड देत आहोत हे देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. दोन महिने या बाळांवर लक्ष ठेवले गेले. रक्तात जंतुदोष पसरणे किंवा मृत्यू येणे हे नुसती पूड मिळालेल्यांत ९ टक्के बालकांच्या वाट्याला आले, आणि जंतू मिळालेल्यांत ५.४ टक्के. फुप्फुसांचे विकारही कमी झाले. आतड्यात सोडलेल्या जंतूने छातीतला रोग कसा आवरला याचा शोध पुढे चालू राहिला. चाचणी याहून बरीच मोठी व्हायची होती, पण फरक इतका उघड दिसू लागला की ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या कामासाठी योग्य जंतू निवडण्यात अनेक वर्षे गेली होती. आणि तो निवडताना पाहायचे होते ते हेच, की आतड्यात सोडलेला हा पाहुणा तेथे काही काळ मुक्काम करतो की नाही.